थेरांची वीथी

मुंबईच्या उपनगरांत एकाही प्राचीन राजाचं थडगं सापडलेलं नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. मृतांच्या प्राचीन स्मारकांवर पुस्तिका निघते आहे म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढे एकतर पिरॅमिड उभे राहतात, नाहीतर चीनमधली ती मातीच्या सैनिकांची फौज. अंधेरी-बोरिवलीत तसं काही निघणार नाही. उत्तर कोकणच्या शिलाहारांनी या भागावर सुमारे साडेचारशे वर्षं सत्ता गाजवली. ठाणे हे त्यांचं मुख्य ठिकाण. त्यांचे ताम्रपट सापडले, अंबरनाथचं देऊळ अजून उभं आहे, शापवचनं कोरलेल्या गधेगळी गावोगाव मिळतात. समाधी मात्र त्यांच्यापैकी एकाचीही नाही. राजा असो की रयत, देह अग्नीला द्यायचा आणि अस्थी पाण्यात सोडायच्या, ही इथली रीत. मागे ठेवायला काही उरतच नाही.

पुढच्या काळात ही रीत थोडी सैल झाली. रायगडावर शिवछत्रपतींची समाधी आहे. साताऱ्याजवळ संगम माहुलीला राजघराण्यातल्यांच्या समाध्या आहेत आणि त्यांच्यातच थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याचीही एक आहे. पण त्या दहनानंतर उभारलेल्या खुणा. पायाखाली खोल कुठेतरी सोन्यानाण्यांसकट राजा झोपलेला आहे, असं आपल्याकडे सहसा घडत नाही.

म्हणून पुरातत्त्वाला इथे करण्यासारखं काही नाही, असा समज पसरला आहे. तो खोटा आहे. बोरिवलीत एक प्राचीन स्मशान आहे. मुंबईकर दर रविवारी त्याच्याजवळून जातात. बोरिवलीतच लढाईत पडलेल्या माणसांचे उंच दगड उभे आहेत. शिवाय विरार गाडीने वसई ओलांडली की नालासोपाऱ्याला एक टेकाड आहे, जे 1882 मध्ये उघडलं तेव्हा आतून एकात एक ठेवलेले पाच करंडक निघाले. या पुस्तिकेचा विषय ही तीन ठिकाणं आणि त्यांच्या आसपासची काही लहान ठिकाणं आहेत. चीनचा उल्लेख मी वारंवार करणार आहे. तिथल्या एका थडग्याने ‘शोध’ या गोष्टीकडे पाहायची एक नजर दिली आहे आणि ती नजर घेऊन आपल्या जागा पाहिल्या, तर त्या वेगळ्या दिसतात.

आधी ते थडगं. मार्च 1974 मध्ये शिआन शहराजवळच्या लिनथोंग भागात काही शेतकरी दुष्काळामुळे विहीर खणत होते. त्यांना भाजलेल्या मातीची डोकी, धडं आणि कांस्याचे बाण लागले. पुढे कळलं ते असं की चीनचा पहिला सम्राट छिन शी ह्वांग याच्या दफनाच्या टेकडीपासून सुमारे दीड किलोमीटर पूर्वेला ही फौज पुरलेली आहे. सर्वांत मोठा खड्डा सुमारे 230 मीटर लांब आणि 62 मीटर रुंद. पुतळे सगळे मिळून आठ हजारांच्या आसपास असावेत असा अंदाज आहे. त्यांतले बरेचसे अजून मातीतच आहेत. 1987 मध्ये ही जागा जागतिक वारशाच्या यादीत गेली. इतकं बहुतेक वाचकांना माहीत असतं.

माहीत नसतं ते हे की खुद्द सम्राटाची टेकडी अजून उघडलेलीच नाही. सम्राट वारला इसवी सनापूर्वी 210 मध्ये. त्यानंतर शंभरेक वर्षांनी सिमा छियान या इतिहासकाराने लिहून ठेवलं की आत पाऱ्याच्या नद्या वाहत्या ठेवल्या आहेत, चोरांसाठी आपोआप सुटणारे बाण लावले आहेत आणि आतली गुपितं जाणणाऱ्या कारागिरांना आतच कोंडून टाकलं. दंतकथाच वाटावी अशी हकीकत. पण 1980 च्या दशकात टेकडीवरच्या मातीची तपासणी झाली, तेव्हा तिच्यात पाऱ्याचं प्रमाण खरोखरच आसपासच्या मातीपेक्षा बरंच जास्त निघालं. एवढं कळल्यावर कुणाचेही हात शिवशिवले असते. तिथल्या पुरातत्त्वज्ञांनी मात्र कुदळ लावली नाही. सैनिक बाहेर काढताना त्यांना अद्दल घडली होती. हे पुतळे मुळात रंगवलेले होते, तांबडे, हिरवे, जांभळे. रंगाखाली लाखेसारख्या चिकाचा थर होता. दोन हजार वर्षं ओल्या मातीत राहिलेला तो थर कोरड्या हवेत आला की काही मिनिटांत सुकून वळायचा आणि रंगाला घेऊन गळून पडायचा. आज आपण पाहतो ती मातकट फौज म्हणजे उघडल्यामुळे झालेलं नुकसान आहे. राजाच्या दालनात रेशीम असेल, लाकूड असेल, बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेलं काही असेल. ते कसं वाचवायचं हे कळेपर्यंत दार बंद राहू द्यावं, असं त्यांनी ठरवलं. पुरातत्त्वाच्या इतिहासातला हा मोठा निर्णय आहे असं मी मानतो.

आणखी एक गोष्ट त्या परिसरात सापडली आहे, जिची छायाचित्रं कुणी भिंतीवर लावत नाही. थडग्याच्या पश्चिमेला चाओपेइहू नावाच्या गावाजवळ 1979–80 मध्ये मजुरांची दफनं निघाली. थडगं बांधायला वेठीला धरलेले कैदी आणि कर्जबाजारी माणसं. अंगावर काही नाही, सोबत काही नाही. पण त्यांच्यातल्या काहींजवळ फुटक्या कौलाचा एकेक तुकडा ठेवलेला होता आणि त्यावर टोकदार हत्याराने नाव, गाव आणि शिक्षेचा प्रकार खरडलेला होता. सम्राटाच्या आठ हजार सैनिकांपेक्षा मला हे मूठभर तुकडे जास्त बोलके वाटतात. मेलेल्या मजुराचं नाव लिहून ठेवावं असं कुणालातरी वाटलं. ते हिशेबासाठी वाटलं की माणुसकीपोटी, याचा निर्णय ज्याचा त्याने करावा.

आता बोरिवली.

कान्हेरीच्या डोंगरात शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या आसपास सुरुवात झाली आणि हजारएक वर्षं तिथे भिक्षूंचा वावर राहिला. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातलं मोठं चैत्यगृह, एक खोली आणि ओटा अशी भिक्षूंची घरं, प्रत्येक घराला स्वतःची पाण्याची टाकी, दगडात कोरलेल्या पन्हाळी, पावसाचं पाणी अडवायची एवढी चोख व्यवस्था की आजच्या सोसायट्यांनी जाऊन पाहावी. शिलालेखांत कल्याणचे व्यापारी आहेत, सोपाऱ्याची माणसं आहेत, नाशिकची आहेत. नवव्या शतकात थेट गौडदेशाहून, म्हणजे बंगालमधून आलेला अविघ्नाकर नावाचा एक उपासक इथे द्रम्म नाण्यांची देणगी देऊन गेला. आजचे लोक चैत्यगृह पाहतात, दोन्ही बाजूंच्या उंच बुद्धमूर्तींपुढे फोटो काढतात, दरबार लेण्यात पाय पसरतात आणि काकडी-कैरी खाऊन परततात. महाशिवरात्रीला तर डोंगरावर पाय ठेवायला जागा नसते.

डोंगराच्या कडेला, या सगळ्या वर्दळीपासून थोडी बाजूला, 87 क्रमांकाची एक जागा आहे. तिला लेणं म्हणणंही तसं चूकच. वरून खडक छज्ज्यासारखा पुढे आलेला, त्याखाली लांबच लांब पडवी, समोर दरी. या पडवीत ओळीने विटांच्या स्तूपांचे पाये आहेत. काही जेमतेम कळतात, काहींची गोलाई अजून स्पष्ट आहे. ही कान्हेरीच्या भिक्षूंची स्मशानवीथी. अभ्यासक तिला निर्वाणवीथी म्हणतात. इथे राहिलेले, इथेच वारलेले थोर भिक्षू. त्यांच्या अस्थी किंवा राख मध्यभागी ठेवून भोवती विटांचा स्तूप रचायचा आणि वर चुन्याचा गिलावा करायचा.

इथे एक प्रश्न मला नेहमी पडतो. ज्या डोंगरात माणसं अख्खी चैत्यगृहं कोरून काढत होती, तिथे या स्तूपांना विटा कशाला? पुण्याकडच्या भाजे लेण्यांत थेरांचे, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंचे, चौदा स्तूप आहेत, ते दगडाचे आहेत आणि त्यांतल्या काहींवर धम्मगिरी, संघदिन्न अशी नावं कोरलेली आहेत. बेडशाला गोभूती नावाच्या अरण्यवासी, भिक्षेवर जगणाऱ्या थेराचा स्तूप त्याच्या शिष्याने करवला, तोही दगडाचा. कान्हेरीत मात्र वीट. माझा तर्क असा आहे की हा सोयीचा मामला असावा. दगडातला स्तूप कोरायला काही महिने लागतात आणि त्यासाठी दाता शोधावा लागतो. शेकडो वर्षं वसलेल्या मोठ्या विहारात मरण काही दात्याची वाट पाहत थांबत नाही. वीट खालच्या सपाटीवर भाजता येते, डोक्यावरून वर आणता येते आणि चार दिवसांत स्तूप उभा राहतो. डोंगराखालच्या मागाठाण्याच्या बाजूची माती या विटांत असेल का, याची तपासणी आज सहज करता येण्यासारखी आहे. कुणी विद्यार्थी हा विषय घेईल तर बरं.

या वीथीकडे पाश्चात्त्य अभ्यासकांचं लक्ष एकोणिसाव्या शतकातच गेलं होतं. कान्हेरीच्या लेखांच्या नकला पद्धतशीरपणे उतरवून 1861 मध्ये छापणारा माणूस होता एडवर्ड विल्यम वेस्ट. हा पेशाने इंजिनिअर, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत. आज ज्या रुळांवरून घाटकोपर-मुलुंडची गर्दी ठाण्याकडे जाते, त्या रेल्वेतला हा साहेब सुट्टीत डोंगर चढून अक्षरं उतरवायचा. पुढे त्याने पहलवी भाषेचा जगन्मान्य पंडित म्हणून नाव काढलं आणि कान्हेरीच्या 90 क्रमांकाच्या लेण्यातले पहलवी लेख वाचले. 1009 आणि 1021 मध्ये इथे येऊन गेलेल्या पारशी मंडळींनी आपली नावं आणि तारखा कोरून ठेवल्या होत्या. म्हणजे पर्यटकांनी भिंतीवर नावं लिहायची परंपरा तशी जुनी. फरक एवढाच की त्यांनी तारीख घातली, त्यामुळे हजार वर्षांनी उपयोग झाला.

तरीही वीथीतल्या मृतांची नावं आणखी शंभर वर्षं कुणी वाचली नाहीत. स्तूपांच्या पडझडीत इकडेतिकडे पडलेल्या दगडांवर छोटे छोटे लेख होते. ते हुडकून वाचले पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या शोभना गोखले यांनी. कान्हेरीच्या सगळ्या लेखांचा त्यांचा ग्रंथ 1991 मध्ये प्रसिद्ध झाला. वीथीतल्या या लेखांमुळे विटांच्या त्या ढिगाऱ्यांना माणसं मिळाली. अमुक थेराचा हा स्तूप. तो अर्हत होता. तो तीन विद्या जाणणारा होता. तो सहा अभिज्ञा प्राप्त झालेला होता. बौद्ध परंपरेत या पदव्या ग्रंथांत पुष्कळ सापडतात. पण ज्याला आपण पाहिलं, ज्याच्या पंगतीला जेवलो, त्या माणसाबद्दल त्याच्या सहचरांनी दगडावर असं लिहून ठेवावं, याचे पुरावे भारतात फार थोडे आहेत. लेखांच्या अक्षरवळणावरून ते साधारण पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमाराचे मानले जातात.

गोखल्यांनी या कामासाठी काहीही खणलं नाही, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. दगड उघड्यावरच पडलेले होते. वेस्टच्या आधीही होते, नंतरही होते. हवी होती ती वाकून बघायची तयारी आणि ब्राह्मी लिपीचा अभ्यास.

याच डोंगरावर खणण्याचा उलटा नमुनाही घडून गेला आहे. 1839 मध्ये डॉ. जेम्स बर्ड याने मोठ्या चैत्यगृहासमोरचा एक स्तूप फोडला. आतल्या खळग्यात त्याला तांब्याची दोन भांडी मिळाली. त्यांत राख, एक माणिक, मोती, सोन्याचे तुकडे, कापडाचा तुकडा ठेवलेली सोन्याची डबी आणि एक चांदीची डबी होती. शिवाय ताम्रपट. त्यांतल्या एकावर त्रैकूटक राजवंशाच्या राज्यातलं वर्ष 245, म्हणजे इसवी सन 494 च्या सुमाराची नोंद होती : सिंधू देशातून आलेल्या बुद्धरुची नावाच्या भिक्षूने कृष्णगिरीच्या, म्हणजे कान्हेरीच्या, महाविहारात बुद्धाचा पट्टशिष्य सारिपुत्र याच्या नावे दगड-विटांचा चैत्य बांधला. पश्चिम भारताच्या इतिहासात हा लेख फार मोलाचा आहे. मूळ ताम्रपट आज उपलब्ध नाही. आपल्या हाती आहे ती बर्डने छापलेली नक्कल, आणि अभ्यासक तिच्यावरच काम करत आले आहेत. स्तूप गेला, राख गेली, माणिक-मोती गेले. बर्डला दोष देऊन उपयोग नाही, त्या काळी जगभर असंच चाललं होतं. पण नुकसान ते नुकसानच.

त्याच्या शेजारी सोपाऱ्याची हकीकत ठेवून पाहावी. नालासोपाऱ्याच्या त्या टेकाडाला गावकरी ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. म्हणजे लोकांच्या लेखी इथे राजाच होता! 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी, ठाणे जिल्ह्याचं गॅझेटिअर तयार करणाऱ्या कॅम्बेल साहेबाबरोबर, ते उघडलं. भगवानलाल हे जुनागढचे, डॉ. भाऊ दाजी लाडांच्या हाताखाली तयार झालेले, इंग्रजीशी बेताचीच ओळख असलेले आणि तरीही युरोपातल्या पंडितांना ज्यांच्याकडून शिकावं लागे असे गृहस्थ. टेकाडाच्या पोटात विटांची चौकोनी कोठी लागली. तिच्यात दगडी पेटी, पेटीत मधोमध तांब्याचा करंडक आणि त्याच्याभोवती आठ दिशांना आठ छोट्या मूर्ती, सात मानुषी बुद्ध आणि आठवा मैत्रेय. तांब्याच्या करंडकात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. सोन्याच्या करंडकात काय होतं? मातीच्या भांड्याच्या तेरा खापऱ्या. बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून त्या जपल्या गेल्या असाव्यात असं भगवानलालांनी मांडलं. बरोबर सोन्याची फुलं होती आणि यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं होतं.

भगवानलालांनीही टेकाड फोडलंच. पण कोणती वस्तू कुठे, कशाच्या आत, कोणत्या दिशेला तोंड करून होती हे त्यांनी बारकाईने लिहून ठेवलं. म्हणून आज आपल्याला कळतं की नाणं दुसऱ्या शतकातलं आणि मूर्ती मात्र घडणीवरून कितीतरी नंतरच्या, आठव्या-नवव्या शतकाकडच्या. याचा अर्थ मधल्या काळात कुणीतरी श्रद्धेने हा स्तूप उघडला, आत नव्या मूर्ती मांडल्या आणि पुन्हा बंद केला. नुसता सोन्याचा करंडक विकत घेऊन कपाटात ठेवला असता तर हे कधीच कळलं नसतं. त्या वस्तू आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत.

सोपाऱ्यावरून आणखी एक गोष्ट आठवते. त्याच वर्षी तिथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला आणि 1956 मध्ये जवळच्या भुईगावला नवव्या लेखाचा. अशोक आणि छिन शी ह्वांग जवळजवळ समकालीन. अशोक वारला तेव्हा चीनचा हा भावी सम्राट आपल्या राज्याच्या गादीवर होता. दोघांनीही प्रचंड मुलूख एका छत्राखाली आणला, दोघांनीही आपले शब्द दगडांवर कोरवले. एकाने मरणानंतरच्या जगासाठी फौज पुरली. दुसऱ्याची राख कुठे पडली याचा पत्ता नाही. सोपाऱ्याच्या काळ्या बसाल्टवर त्याचं बोलणं तेवढं राहिलं आहे. यावरून कुणी थोर-लहान ठरवू नये. मरणाकडे पाहायच्या दोन वेगळ्या रीती आहेत आणि त्यामुळे पुरातत्त्वाच्या वाट्याला येणारं साहित्यही वेगवेगळं आहे, एवढंच.

आता राजाच्या मरणाकडे यायला हरकत नाही, कारण उपनगरांत ते एका ठिकाणी कदाचित दिसतं. बोरिवली पश्चिमेला एक्सर गावात सहा वीरगळ आहेत. एकोणिसाव्या शतकात हे दगड आमराईत होते. आज ते दाट वस्तीत आहेत आणि लोक त्यांची देव म्हणून पूजा करतात. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्याचा स्मृतिदगड, तो महाराष्ट्रात गावोगाव असतो. पण बहुतेक गावांत गुडघ्या-कमरेएवढा. एक्सरचे दगड माणसाच्या डोक्यावर जाणारे आहेत आणि त्यांवर पट्टीपट्टीने लढाईची गोष्ट खालून वर वाचत जायची. काहींवर हत्ती, धनुर्धारी, तलवारी. काहींवर चक्क आरमार : डोलकाठीची, उंच नाळेची गलबतं, एका बाजूला नऊ-नऊ वल्ही, ओळीने चालून येणारी. वरच्या पट्ट्यांत मेलेले वीर विमानातून स्वर्गाकडे निघालेले, अप्सरा, आणि सर्वांत वर शिवलिंगाची पूजा. मध्ययुगीन भारतात समुद्रावरच्या लढाईचं इतकं तपशीलवार शिल्प दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळतं. ज्याला कोकणच्या जुन्या नावा कशा होत्या हे पाहायचं आहे, त्याने संग्रहालयाआधी एक्सरला जावं.

ही लढाई कुणाची? बरेच अभ्यासक असं मानतात की उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव राजा महादेव यांची, सुमारे 1265 ची. जमिनीवर हरलेला सोमेश्वर गलबतांत बसून निघाला, यादवांच्या आरमाराने पाठलाग केला आणि तो समुद्रात बुडाला. महादेवाचा मंत्री हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, याने आपल्या ग्रंथातल्या राजप्रशस्तीत या बुडण्याचा उल्लेख केला आहे, तोही टोमणा मारून. उलट काही जणांना शैलीवरून हे दगड आणखी जुने, अकराव्या शतकातले वाटतात आणि ते माळव्याच्या भोजाच्या कोकणस्वारीशी त्यांचा संबंध जोडतात. दगडांवर नाव-तिथी वाचता येत नाही, म्हणून वाद मिटत नाही. माझा कल सोमेश्वराकडे आहे, पण तो निव्वळ कल आहे आणि वाचकाने तो पुरावा समजू नये.

सोमेश्वराची बाजू खरी असेल तर मोठी विलक्षण गोष्ट होते. साडेचारशे वर्षांच्या राजवटीच्या शेवटच्या राजाचं थडगं म्हणजे वसई-गोराईसमोरचा समुद्र. त्याच्यासाठी दगड उभा राहिला नाही. उभे राहिले ते लढून मेलेल्यांसाठी, आणि त्यांचीही नावं आपल्याला ठाऊक नाहीत. त्याच बोरिवलीत काही मैलांवर, डोंगराच्या कडेला, एक पैसाही जवळ न बाळगणाऱ्या भिक्षूंची नावं मात्र टिकली आहेत.

बाकीच्या ठिकाणांबद्दल इथे थोडक्यात. अंधेरीच्या कोंडिवट्याला, महाकाली लेण्यांत, एक गोल दालन आहे. कुडाच्या झोपडीसारखं कोरलेलं, जाळीच्या खिडक्या असलेलं, आत स्तूप. मागाठाण्याची लेणी वस्तीने वेढली आहेत आणि ती शोधायला पत्ता विचारत जावं लागतं. पण कान्हेरीच्या लेखांत या गावाचा उल्लेख येतो, म्हणजे तिथल्या जमिनीचं उत्पन्न डोंगरावरच्या विहाराला जात असावं. जोगेश्वरी आणि मंडपेश्वर ही शैव लेणी. ती या पुस्तिकेच्या विषयात बसत नाहीत, तरी वाटेवरची म्हणून घेतली आहेत. मंडपेश्वरचं पोर्तुगिजांनी काय केलं तो स्वतंत्र विषय आहे.

गेल्या काही वर्षांत या कामाला उपनगरांतूनच माणसं मिळू लागली आहेत, ही समाधानाची गोष्ट. विलेपार्ल्याच्या साठये महाविद्यालयात प्राचीन भारतीय संस्कृतीचा विभाग आहे. तिथले सूरज पंडित यांनी कान्हेरीवर वर्षानुवर्षं काम केलं आहे आणि राष्ट्रीय उद्यानात पूर्वी नोंद नसलेली लेणीही उजेडात आणली आहेत. मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल विभागाच्या पुढाकाराने ही उपनगरं ज्यावर आहेत त्या साष्टी बेटाची पाहणी झाली. तिच्यात विद्यार्थी, गृहिणी, निवृत्त कारकून अशी सगळी मंडळी गल्लीबोळांतून फिरली आणि देवळाच्या पारावर, विहिरीच्या काठावर, झाडाखाली पडलेले वीरगळ, गधेगळी आणि मूर्तींचे तुकडे नोंदवले गेले. यांतही कुदळ फारशी नव्हती. वही, टेप आणि कॅमेरा होता.

याचा अर्थ उत्खनन नकोच, असा कुणी घेऊ नये. शिआनच्या विमानतळाकडे जाणारा रस्ता 1990 मध्ये बांधायला घेतला, तेव्हा हान घराण्यातल्या चिंग सम्राटाच्या थडग्याभोवतीचे खड्डे लागले. काम थांबवून ते तपासले गेले आणि त्यांतून हातभर उंचीचे मातीचे सेवक, गाई, डुकरं, कुत्रे असा सगळा संसार बाहेर आला. पुढे तिथल्या सेंद्रिय अवशेषांच्या तपासणीत चहाची पानंही ओळखली गेली, दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची. जिथे जमीन हलणारच आहे, तिथे आधी पुरातत्त्वज्ञ उभा हवा. आपल्याकडे बोरिवली ते ठाणे हा जुळा बोगदा राष्ट्रीय उद्यानाच्या खालून जातो आहे, जुन्या इमारती पाडून पुनर्विकासासाठी रोज कुठे ना कुठे पाया खणला जातो आहे. एक्सर, कांदिवली, मालाड, मरोळ ही काल-परवा वसलेली नगरं नव्हेत. पायाच्या खड्ड्यातून घडीव दगड निघाला तर तो राडारोड्याच्या ट्रकमध्ये जाण्याआधी कुणीतरी पाहावा, एवढी साधी व्यवस्था महापालिकेला करता येईल. परवानगीच्या कागदांच्या चळतीत आणखी एका कागदाने काही बिघडणार नाही. उलट तोच एक कागद उपयोगाचा ठरेल.

या पुस्तिकेतल्या नोंदी ज्यांनी केल्या आहेत, त्यांनी प्रत्येक ठिकाणी मापं घेतली आहेत, दगडाची सध्याची अवस्था लिहिली आहे आणि जुन्या वर्णनाशी ती ताडून पाहिली आहे. भाषा काही ठिकाणी रुक्ष वाटेल. मला ती तशीच आवडली. अशा नोंदीत ‘भव्य’ आणि ‘मंत्रमुग्ध’ हे शब्द आले की समजावं, लेखकाने टेप घरी ठेवला होता.

वाचकांना चार सूचना. राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असतं. कान्हेरीला सकाळी लवकर जावं, आधी चैत्यगृह पाहून घ्यावं आणि मग 87 क्रमांकाची वाट विचारावी, रखवालदार दाखवतात. वीथीत विटांच्या पायांवर बसू नये, त्यांवरून चालू नये आणि अक्षरं असलेला दगड दिसला तर तो उचलू नये, पुसू नये, त्यावर खडू किंवा पीठ चोळू नये. जागेवरच तिरप्या उजेडात फोटो घ्यावा, जागा नीट लिहून ठेवावी आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मुंबई कार्यालयाला कळवावं. एक्सरला गेलात तर आधी तिथल्या लोकांना विचारून मगच दगडांजवळ जा. ते त्यांचे देव आहेत, आणि इतकी वर्षं ते दगड त्यांनीच सांभाळले आहेत.